पणती आधी पाण्यात

नवी पणती घरी आणली की जाणती माणसं तिच्यात लगेच तेल घालत नाहीत. आधी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात, काही तासांनी बाहेर काढतात, वरचं पाणी सुकू देतात आणि मग तेल-वात करतात. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. कोरडी पणती वातीच्या वाटणीचं तेल आधी स्वतःच पिऊन टाकते; पाणी प्यायलेली पणती तेवढं पीत नाही. मोठ्यांसाठी ही तेल वाचवायची युक्ती, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. चार वर्षांच्या मुलाला मात्र त्या बादलीसमोर बसवून बघावं. पणती पाण्यात गेली की बुडबुड्यांची माळ वर येते, कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते, विटकरी रंग बघता बघता गडद होतो. मूल दुसरी पणती टाकतं, मग तिसरी. मग कुंभाराकडून आणलेली न भाजलेली कच्ची पणती टाकली, तर ती थोड्या वेळात विरघळून बादलीच्या तळाशी चिखल होऊन बसते. दिसायला सारख्या दोन पणत्या. एक पाणी पिते, दुसरीला पाणी खाऊन टाकतं. मधे काय घडलं असेल? भट्टीचा, म्हणजे विस्तवाचा, प्रश्न मुलाच्या मनात असा उभा राहतो आणि दिवाळी अजून आठ दिवस लांब असते.

बालवाड्यांमध्ये दिवाळी शिकवली जाते ती सहसा अशी नाही. सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात छापील पणतीचं चित्र रंगवायला मिळतं. बाई रामाच्या अयोध्येला परतण्याची गोष्ट सांगतात. फटाके वाजवू नका असं बजावतात. शेवटच्या दिवशी पालकांना दाखवण्यासाठी कागदी थाळीचा चकचकीत दिवा तयार होतो, ज्याचं कातरकाम, चिकटकाम आणि खरं तर सगळंच काम बाईंनी रात्री जागून केलेलं असतं. मुलाने त्यावर एक टिकली चिकटवलेली असते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण या सगळ्यात मुलाचे हात रिकामे राहतात आणि सणाचा जो भाग त्याला सहज कळला असता तोच गळून पडतो. प्रकाशाचे आपले सण मुळात कामांचे सण आहेत. घासणं, वळणं, भिजवणं, लिंपणं, ओतणं, मांडणं यांतून ते उभे राहतात आणि ही कामं तीन ते सहा वर्षांच्या हातांना नेमकी झेपतात. तेव्हा या वयाला दिव्याचा सण शिकवायचा तर दिव्याच्या अर्थापासून सुरुवात करू नये, दिवा तयार होण्यापासून करावी. आणि मुलाला दिलेलं काम खरं असावं, म्हणजे ते त्याने केलं नाही तर दिवा लागणार नाही असं असावं. पुढच्या पानांतले सगळे उपक्रम या एका आग्रहावर उभे आहेत. तो आग्रह का धरायचा आणि त्याविरुद्ध काय काय म्हटलं जातं, ते आधी बघू.

या वयाच्या मुलाला काळ फारसा कळत नाही. मागे घडलेलं सगळं ‘काल’ असतं, पुढे घडणारं सगळं ‘उद्या’. चौदा वर्षांचा वनवास ही त्याच्यासाठी संख्या नसते, नुसता आवाज असतो. ‘अंधार म्हणजे अज्ञान’ हे तर त्याच्या गावीही नसतं. अंधार म्हणजे अंधार, ज्यात आई दिसत नाही. पण वस्तू काय करते आणि आपण तिला काय केलं की ती काय करते, हे तो फार बारकाईने बघतो, आणि एकदा बघून त्याचं भागत नाही. हे काही आज लागलेले शोध नव्हेत. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथल्या कामांत पाणी ओतणं, गुंड्या लावणं, झाडणं, धातूची भांडी घासून चकचकीत करणं ही घरगुती कामं होती, आणि ती शिकण्याची साधनं म्हणून होती. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे उभं केलं, त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. माँटेसरीची लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात आणि ते गुरं चरायला नेतं त्या कुरणात नेली. साधन स्वस्त केलं एवढाच याचा अर्थ काढणं अपुरं होईल. मुलाच्या भोवतीचं जगच त्यांनी साधन मानलं. त्या जगात वर्षातून काही वेळा दिव्यांची मांडामांड होते, तेव्हा बाहेरून वेगळं साधन आणायची गरजच काय?

हे मान्य केलं की पहिला बदल वेळापत्रकात होतो. दिव्यांचा अभ्यास दिवाळीला सुरू होत नाही, तो आषाढात सुरू होतो. आषाढ अमावस्या म्हणजे दिव्यांची अमावस्या. तिला अलीकडे भलतंच नाव पडलंय आणि ते बालवाडीत सांगण्यासारखं नाही, पण मूळ दिवस लहान मुलांसाठीच बेतल्यासारखा आहे. घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवे, कंदील सगळे काढायचे, घासायचे, पाटावर मांडायचे. कणीक आणि गुळाचे दिवे उकडायचे आणि तुपाबरोबर खायचे. जूनमध्ये शाळा सुरू होते, मूल अजून रडतंय, बाईंचा हात सोडत नाहीये, अशा दिवसांनंतर हा दिवस येतो. घरून किंवा शेजारून मागून आणलेलं एक काळवंडलेलं पितळी निरांजन आणि चिंचेचा भिजवलेला कोळ, एवढंच साहित्य. चिंचेतल्या आंबटपणाने पितळेवरचा काळा थर सुटतो, बोटं काळी होतात आणि बोटाखालची जागा पिवळी धमक निघते. मुलाला आपल्या कामाचा परिणाम तत्काळ, तिथल्या तिथे, बोटाएवढ्या रुंदीत दिसतो. एका बाजूला चिंच आणि दुसऱ्या बाजूला साधं पाणी वापरून तो फरकही बघू शकतो. कोणती बाजू कशाने घासली हे चार वर्षांचं मूल बरोबर लक्षात ठेवतं. कणकेचा दिवा करताना अंगठा मधे दाबून खळगा करायचा असतो; तोच अंगठा पुढे मातीच्या पणतीत लागणार आहे. आषाढात कणकेवर हात बसला की आश्विनात मातीला तो बिचकत नाही. दिवा या वस्तूला बूड असतं, खळगा असतो, वातीसाठी चोच असते, हे सगळं दिवा न लावताच कळतं.

मग दिवाळी. इथे साहित्य इतकं आहे की बाईंना निवडताना जड जावं. उटण्यातल्या आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचरा यांच्या वासाच्या पुरचुंड्या, शंकरपाळ्यांवर फिरणारं कातणं, रांगोळीचे ठिपके. यांतलं सगळं घेऊ नये. मी वातीवर थांबेन, कारण सर्वांत दुर्लक्षित तीच आहे. विदर्भ-मराठवाड्यात दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झालेली असते. इतरत्रही कापसाचं बोंड मागवणं अवघड नाही. मुलाने बोंडातली सरकी बोटांनी ओढून काढायची. ती सहज सुटत नाही, कापूस तिला धरून ठेवतो आणि या ओढाओढीत बोटांना जो व्यायाम होतो तो बाजारातल्या कुठल्याही खेळण्याने होणार नाही. मग सरकी काढलेला कापूस तळहातांमध्ये वळायचा. पहिल्या वाती सुरवंटासारख्या जाड होतात. होऊ द्याव्यात, त्या लागतात आणि ढणढणत जळतात, बारीक वात शांत तेवते, हे त्यातूनच कळतं. सरकीतही तेल असतं. एका बोंडातून वात आणि तेल दोन्ही निघतात, हे बघून पाच वर्षांचं मूल चकित होतं आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनीही व्हायला हरकत नाही. एक सूचना इथेच केलेली बरी. तेल वातीतून चढतं हे दाखवायला काही शिक्षिका रंगीत पाणी वापरतात आणि प्रयोग फसतो. शेतातल्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तो पाणी नीट घेत नाही, तेल मात्र घेतो. पाणीच वापरायचं असेल तर दवाखान्यातला कापूस घ्यावा, त्यातलं मेण काढलेलं असतं. आणि प्रयोग फसलाच तर तोही दाखवावा, कारण एकच कापूस तेल पितो आणि पाणी का पीत नाही, हा प्रश्न वातीच्या प्रश्नाहून कमी रंजक नाही.

कामाबरोबर शब्द येतात, मागाहून पाठ करून घ्यावे लागत नाहीत. वात वळतात, कणीक मळतात, दिवा लावतात, ज्योत तेवते, मिणमिणते, फडफडते, काजळी धरते, आणि शेवटी दिवा मालवतात. मराठीत दिवा ‘विझला’ म्हणायला जुनी माणसं कचरत, ‘शांत झाला’ म्हणत. ही नाजूक रीत मुलं चटकन उचलतात. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण मोठेपणी माणसांना टोमणे मारायला वापरतो, पण ती मुळात कोणीतरी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे. समई लावून तिच्या बुडाशी बघितलं की काळी सावली दिसते. मुलाने ती आधी बघावी. टोमणा त्याला पुढे आयुष्य शिकवीलच.

आकाशकंदिलाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. कामट्यांचा षट्कोनी सांगाडा बांधणं, त्यावर कागद ताणून चिकटवणं हे आठ-दहा वर्षांच्या मुलांचं काम आहे, बालवाडीचं नव्हे. तरी तो बालवाडीत होतो, कारण तो दाखवायला छान दिसतो. परिणाम असा की बाई आणि आया मिळून कंदील करतात आणि मुलं बाजूला बसून शेपट्या धरतात. काम खरं आहे की दिखाऊ, याची परीक्षा सोपी आहे. ते मुलाच्या हातून बिघडू शकतं का? वात जाड होऊ शकते, पणती वाकडी होऊ शकते, खळ फार पातळ होऊ शकते. जे बिघडूच शकत नाही, कारण बाईंनी आधीच पुरं करून ठेवलंय, त्यात मुलाचा वाटा नाही. त्यापेक्षा मुलांनी मैद्याची खळ शिजताना लांबून बघावी, निवल्यावर तिचा चिकटपणा बोटांनी पारखावा, पतंगी कागदाच्या पट्ट्या फाडाव्यात. कातरीने नव्हे, फाडाव्यात. पिवळ्या पतंगी कागदातून खिडकीकडे बघितलं की वर्ग पिवळा होतो, त्यावर निळा कागद धरला की हिरवा. एवढ्याने कंदिलाचं मर्म हाती येतं. कंदील झाला नाही तरी चालेल.

एक अडचण बहुतेक उपक्रमपुस्तकांच्या ध्यानात येत नाही. बालवाडी सकाळी भरते. लख्ख उजेडात लावलेला दिवा दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याचा सण समजावून सांगणं व्यर्थ आहे. म्हणून शिक्षिकेला आधी अंधार आणावा लागतो. दोन टेबलांवर घोंगडी टाकून, खोलीच्या खिडक्यांना जाड चादरी लावून थोडा अंधार करावा, त्यात मुलांनी बाईंना बिलगून बसावं, डोळे सरावू द्यावेत, आणि मग एक पणती लागावी. युरोपातल्या बालशाळांना ही कसरत करावी लागत नाही. लंडनमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथल्या मराठी मुलांना शाळा सुटल्यावर थोड्याच वेळात काळोख भेटतो. म्हणूनच तिकडची पुस्तकं उचलून इथे वापरताना जपायला हवं. त्यांतले प्रकाशाचे सण हिवाळ्याच्या लांबलेल्या रात्रीशी बांधलेले आहेत. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि सर्वांत लहान आठ तासांहूनही लहान असतो. मुंबईत हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा तास आहेत. आपल्याकडे दिवाळी हिवाळ्याचा काळोख घालवायला येत नाही. पाऊस संपलेला असतो, शेतातलं धान्य घरात येत असतं आणि रात्र काळी असते ती अमावस्येमुळे. लक्ष्मीपूजन 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होतं आणि 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे, कारण मधे अधिक महिना येतो; तारीख हलते, पण चंद्र नसतो ही गोष्ट हलत नाही. मुलांना हे सांगायची गरज नाही, दाखवता येतं, आणि त्यासाठी शाळेची सुट्टी अडचण न ठरता कामाला येते. ऐन दिवाळीत बालवाडी बंद असते. पण अमावस्येनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरारी पौर्णिमा असते आणि तेव्हा अनेक शाळा उघडण्याच्या बेतात असतात किंवा उघडलेल्या असतात. देवळांच्या दीपमाळा त्या रात्री पेटतात, घाटांवर दिवे सोडतात. पालकांना एवढंच सांगावं की लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलाला क्षणभर वर बघायला लावा, आणि पौर्णिमेच्या रात्री पुन्हा. एकदा आकाशात काही नव्हतं, एकदा मोठा गोळा होता. कोणत्या रात्री पणती जास्त उजळ वाटली? हे शाळा उघडल्यावर विचारावं. उत्तरं वेगवेगळी येतील. आणि त्याच आठवड्यात मुलांनी घरून आणावं ते उरलेलं: काजळलेली पणती, अर्धी जळलेली वात, आणि किल्ल्यावर पेरलेला अळीव, जो आता उंच होऊन आडवा पडलेला असतो. सण संपल्यावरचा हा अभ्यास मला सणाआधीच्या तयारीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो जवळजवळ कोणीच करत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप गोष्टीचा. कोणी म्हणेल, तुम्ही सणाला प्रयोगशाळा केलंत. दिवाळीतून राम, नरकासुर, बळी, यम आणि यमी काढून घेतले तर उरतं ते तेल आणि कापूस. या आक्षेपाच्या बाजूने खुद्द गिजुभाई उभे आहेत. माँटेसरींना लहान वयात अद्भुत कथा नको होत्या. गिजुभाईंनी त्यांची पद्धत घेतली पण इथे त्यांच्याशी फारकत घेतली आणि गोष्ट आपल्या बालमंदिराच्या मध्यभागी ठेवली, गोष्ट कशी सांगावी यावर शास्त्र लिहिलं. मीही गोष्टीच्या विरोधात नाही. माझं म्हणणं क्रमाचं आहे. हाताने जे केलंय त्यावर गोष्ट बसते. हात कोरे असतील तर ती कोरड्या पणतीतल्या तेलासारखी कुठे जाते ते कळत नाही. शिवाय कोणती गोष्ट, हाही प्रश्न आहे. वर्गात सांगितली जाते ती बहुधा अयोध्येची, पण मराठी घरातली दिवाळी वसुबारसेच्या गाय-वासरापासून सुरू होते, नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या न्हाण्यातून जाते, पाडव्याला बळीची आठवण काढते आणि भाऊबीजेला ओवाळून थांबते. गाय-वासराची गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला कळते, कारण आई आणि पिल्लू त्याला ठाऊक आहेत. असुरवधाची गोष्ट या वयाला रक्तबंबाळ वाटू शकते. पण गोवेकरांनी तिच्यातूनही वाट काढली आहे. तिथे नरकासुर गवत, कागद आणि काठ्यांचा करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. ज्याच्या पोटात आपणच गवत भरलं त्याची भीती फार वाटत नाही. कोकणात आणि गोव्यात न्हाण्याआधी कडू कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात. असुर मेला हे मुलाला पायाला कळतं. परंपरेने हात आणि पाय आधी वापरले, गोष्ट त्यांना जोडली. आपण उलट करून ठेवलंय.

दुसरा आक्षेप दोन विरुद्ध बाजूंनी येतो. एक म्हणतो, सरकारी अंगणवाडीत धार्मिक सण कशाला? दुसरा म्हणतो, पूजा वगळली तर सण उरला कुठे? राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मला ते तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत विशेष योग्य वाटतं. पूजा हे घराचं काम आहे. घर ते शाळेपेक्षा चांगलं करतं. पण माती, तेल, कापूस आणि अंधार यांना धर्म नाही. कामट्या आणि पतंगी कागदांचा जो तारा दिवाळीत शेजारच्या गॅलरीत लटकतो, त्याच्याच जातीची चांदणी डिसेंबरात वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत लागते आणि गोव्यात तिला नखेत्र म्हणतात. करणाऱ्या हाताला दोन्हींत तोच कागद आणि तीच खळ लागते. वर्गातली मुलं वेगवेगळ्या घरांतून येतात आणि वेगवेगळ्या हिंदू घरांतूनही येतात, हे आपण विसरतो. अकोले-जुन्नरपासून जव्हारपर्यंतच्या अनेक आदिवासी पाड्यांत वसुबारसेच्या दिवशी वाघबारस असते. तिथे गाय-वासराचं छापील चित्र वाटणारी शिक्षिका मुलाला त्याचा वाघोबा विसरायला लावते. ‘तुमच्याकडे कोणत्या दिवशी दिवे लागतात आणि ते कोण लावतं?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर सणांची यादी बाईंना करावी लागत नाही, मुलंच ती आणतात.

तिसरा आक्षेप विस्तवाचा, आणि त्याला उत्तर देताना जपून बोललं पाहिजे. तेल, ज्योत आणि तीन वर्षांची मुलं ही जुळणी धोक्याची आहे, यात वाद नाही. पण जे पालक पणतीजवळ मुलाला फिरकू देत नाहीत तेच त्याच्या हातात फुलबाजी देतात, कारण ती ‘साधी’ असते. फुलबाजीची तार जळताना 1000 अंश सेल्सियसच्या वर तापते आणि विझल्यावरही बराच वेळ भाजते. जमिनीवर ठेवलेल्या पणतीपेक्षा तिचा धोका मोठा आहे. या पुस्तकात काडी कायम मोठ्यांच्या हातात आहे. मुलाने वात वळायची, पळीने तेल घालायचं, वात काठावर टेकवायची आणि मागे सरून बसायचं. पणती वाळूच्या परातीत, शेजारी पाण्याची बादली, केस बांधलेले, ओढण्या आणि नायलॉनचे झगे लांब. एकच सेविका आणि एकच मदतनीस, वर्गात तीस-पस्तीस मुलं, अशी स्थिती असेल तर त्या दिवशी ज्योत लावूच नये. तेल-वात केलेली पणती तशीच ठेवावी आणि घरी नेऊन संध्याकाळी लावायला सांगावं. यात काही उणं राहत नाही. मुलाचं काम काडीच्या आधीच पुरं झालेलं असतं.

शेवटचा आक्षेप पालकांचा आणि तो सर्वांत चिवट. वाती वळून काय होणार, अक्षरं कधी शिकवणार? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला गेला आणि त्यावरच्या 2022च्या अभ्यासक्रम आराखड्याने या टप्प्यात खेळ आणि कृतीला मध्यवर्ती जागा दिली. पण धोरणाचा हवाला दिल्याने कोणत्याही आईचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. तिला मुलाची बोटं दाखवावीत. रांगोळीची चिमूट अंगठा आणि पहिल्या दोन बोटांमध्ये धरून जपून सोडायची, ती पेन्सिलीचीच पकड आहे. या वयाची मुलं हात तोंडात घालतात, म्हणून रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ घ्यावं. चिमटीला फरक पडत नाही. चार ओळींत चार ठिपके मांडताना मोजणं आपोआप येतं. ‘तेवते’ आणि ‘फडफडते’ यांतला फरक ज्याने डोळ्यांनी बघितलाय त्याला पुढे ते शब्द वाचताना अडखळायला होत नाही. अक्षरं येतीलच, त्यांना बसायला जागा लागते आणि ती आत्ता तयार होते. विजेच्या माळांच्या जमान्यात तेलाचा दिवा कशाला, असंही कोणी विचारतं. त्याला थोडक्यात उत्तर असं की बटण दाबलं की लागणाऱ्या दिव्यात मुलाला करण्यासारखं बटणाखेरीज काही नसतं.

उपक्रमांचा क्रम आषाढापासून नाताळापर्यंत लावला आहे. प्रत्येकापुढे साहित्य दिलंय आणि त्यातलं बहुतेक किराणा दुकानात, शेतात किंवा कोणाच्या तरी माळ्यावर सापडेल. नमुन्याची चित्रं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण चित्र दिलं की त्याच्यासारखं करायचा हट्ट सुरू होतो आणि रात्री जागून कात्री चालवणाऱ्या बाई परत येतात. पणत्या शक्यतो कुंभाराकडूनच आणाव्यात आणि भट्टी लावण्याआधी त्याला गाठावं. रंगवलेल्या, चमकी लावलेल्या पणत्या या कामाला निरुपयोगी. रंगाखाली माती पाणी नीट पीत नाही आणि बुडबुडे येत नाहीत. साध्या डझनभर पुरतात. त्यांच्याबरोबर चार-पाच कच्च्या मागून घ्याव्यात. कच्च्या कशाला हव्यात, असं कुंभार विचारेल; मुलांना पाण्यात घालून बघायच्या आहेत, म्हणून सांगावं.